नागपूरचा उन्हाळा आणि मोटारीचा रेडिएटर

पेट्रोल जळून मोटारीच्या इंजिनात जी ऊर्जा तयार होते, तिचा पाव ते तिसरा हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेतली बरीचशी सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या धातूत उतरते. ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधला वायू २००० अंश सेल्सियसच्याही वर तापतो; अ‍ॅल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच वितळते. धातूत उतरलेली ही उष्णता वाहून नेली नाही, तर इंजिन काही मिनिटांत निकामी होईल.

ते काम कुलंट करतो. पाण्याचा पंप त्याला इंजिनाच्या पोकळ्यांमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि साधारण ८५ अंशांच्या आसपास ती उघडू लागते. मग तापलेला कुलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहतो, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा जाते आणि उष्णता त्या हवेला मिळते. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती चुकीची आहे. झडप नसली की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते.

नागपूरकरांना घरचा कुलर ठाऊक असतो, पण रेडिएटर तसा चालत नाही. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षाही गार वारा मिळतो. रेडिएटर कोरडा असतो आणि त्याची सगळी भिस्त कुलंट व हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असते. कुलंट ९५ अंशांवर आणि डिसेंबरातली सकाळ २० अंशांची असेल, तर हा फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तो ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची ताकद एक तृतीयांशाने कमी. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्यात एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्याने रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. रस्त्यावर गाडी धावत असते तेव्हा समोरून वारा मिळतो. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला मात्र सगळा भार एकट्या पंख्यावर येतो. पंख्याचा फ्यूज उडालेला असेल, तर तो दोष अशा वेळीच उघड होतो.

रेडिएटरचे झाकणही साधे नसते. ते आत वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम इंजिनावर हे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो, आतला द्रव क्षणात उकळून उसळतो आणि हात, चेहरा भाजतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावूच नये.

कुलंट कमी झाला की बोअरचे पाणी ओतले जाते, आणि बिघाडाची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते. हंगाम संपल्यावर कुलरच्या ताट्या काढल्या की त्यांवर क्षारांचा पांढरा, कडक थर दिसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो, वाट अरुंद करतो आणि उष्णता अडवतो. साध्या पाण्याने आतून गंजही चढतो. कुलंटमधल्या ग्लायकॉलने उकळबिंदू वाढतो आणि त्यातली रसायने गंज रोखतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कुलंटच घ्यावा आणि तो पातळ करायचा तर डिस्टिल्ड पाण्यानेच.

तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर आधी एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असल्याने तो इंजिनाची थोडी उष्णता आत खेचून घेतो. भर उन्हात तो सोसवत नाही, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढा आधार पुरतो. मग गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तसेच रेटत नेले तर सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट फुटते आणि कुलंट इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, चहासारखा फेस दिसला, तर तेच झाले असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालू न करता ओढून गॅरेजला न्यावी.