गिटारची गुणगुण आणि जांभ्यातलं अर्थिंग

मालवणहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "तारांक हात लावलो की आवाज बंद होता, काढलो की परत सुरू. असां कित्याक?" आणि पुढे म्हणतो, नवी गिटार घेऊ का? थांब रे बाबा, आधी ऐक.

हा आवाज गिटारचा नाही, विजेचा आहे. आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. त्यामुळे गुणगुण येते ती 50 किंवा 100 हर्ट्झची. सगळ्यात जाड ई तारेवर तिसरा फ्रेट दाबून वाजवा, तो सूर 98 हर्ट्झचा. गुणगुण त्याच्या किंचित वर लागली, की समजायचं वीजच बोलतेय.

सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तो तारांची थरथर पकडतो तशी ट्यूबलाइट, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर यांची कुरकुरही पकडतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने 1955 मध्ये दोन उलटसुलट कॉइल जोडून हे मारलं, म्हणून त्याचं नाव हंबकर.

आता हाताचं गणित. ब्रिजखालून एक वायर जॅकच्या ग्राउंडला जाते, म्हणजे तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. तुमचं शरीर आजूबाजूची वीज गोळा करत असतं. तारांना हात लावला की ते सगळं ग्राउंडकडे जातं आणि आवाज पडतो. म्हणजे ती वायर ठीक आहे, कमी आहे ते आतलं शील्डिंग. पोकळीत तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो. नवी गिटार कशाला?

उलट झालं, म्हणजे हात लावल्यावर आवाज वाढला, तर जॅक किंवा ब्रिजची वायर तपासा. आपल्या खाऱ्या हवेत सोल्डरवर हिरवट थर चढतो, जॅकचे पॉइंट काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नाहीतर पुन्हा सोल्डर करा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केल्यावरही आवाज तसाच राहिला तर गिटार सोडा. केबल, अँप आणि सॉकेट बघा.

अँप एका खोलीतल्या प्लगवर आणि मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या, असं असेल तर दोन अर्थ मिळून लूप होतो आणि तो गुणगुणतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. गावात यावर एक 'जुगाड' चालतो: प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. गुणगुण जातेसुद्धा! पण मंडळी, हे करू नका. अँपमध्ये बिघाड होऊन चेसिसवर फेज आली, तर ती अर्थमधून जायची वाट तुम्ही बंद केलीत. ती आता तारांवर आली आणि ओठ माइकला टेकले, की करंट छातीतून जाणार. 1972 मध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्वान्सीच्या स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. ओठाला झिणझिण्या आल्या तर गाणं थांबवायचं, लाजायचं नाही.

आणि पिन शाबूत असली तरी पुढे अर्थ आहे का? जुन्या घरात सॉकेट तीन पिनांचं असतं, मागे हिरवी वायर जोडलेलीच नसते. टेस्टर पेटला नाही म्हणून अर्थ आहे असं होत नाही. वायरमनला मीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये जवळपास 230 दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. मात्र हे मोजमाप पहिली चाळणी आहे. खड्ड्याचा रेझिस्टन्स वेगळ्या अर्थ टेस्टरने मोजतात.

आपल्याकडे खरी गोम जांभ्यात आहे. पावसाळ्यात ओला असतो तोवर ठीक, पण पाणी निथळून जातं आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत. अर्थ कमजोर पडतो, नेमका वार्षिक कार्यक्रमांच्या दिवसांत. म्हणून त्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि उन्हाळ्यात पाणी घालतात. मीठ मात्र लोखंडी पाइप खातं, तेव्हा दोन-तीन वर्षांनी उकरून बघा. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबल्यावर तो पडला नाही, तर त्या दिवशी अँप लावू नका.