पिशवी उघडल्यानंतर

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल पहिली थांबते ती विठ्ठलवाडीला. भरतीचं पाणी खाडीतून कल्याणपर्यंत येतं, त्यापुढे मात्र समुद्राशी संबंध उरतो तो बाजारातल्या सुरमई-बांगड्यापुरता. अशा ठिकाणी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून तीत प्रवाळ बेटांवरचा मासा पोसायचा, हा हट्टच म्हणायचा. पण हा हट्ट करणारी माणसं उल्हासनगर-डोंबिवलीच्या पट्ट्यात आहेत. क्रॉफर्ड मार्केट नाहीतर कुर्ल्याच्या मासेबाजारातून ती फुगलेली पॉलिथिनची पिशवी कापडी थैलीत लपेटून, गर्दीत छातीशी धरून आणतात.

या हौशीचं मूळ बऱ्याच घरांत तारापोरवाला मत्स्यालयाच्या सहलीत सापडेल. मरीन ड्राइव्हवरच्या या मत्स्यालयाचं उद्घाटन 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी शाळेच्या रांगेतून काचेला नाक लावून समुद्र पाहिला तो तिथेच. मग 2003 मध्ये ‘फाइंडिंग नेमो’ आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश मुलांच्या हट्टांच्या यादीत जाऊन बसला. त्या सिनेमातला मासा टाकीतून पळून जाण्यासाठी धडपडतो, हे खरेदीला निघताना कुणाला आठवत नाही, हा भाग वेगळा.

आणलेला मासा पहिल्या चार-आठ दिवसांत गेला की ‘पाणी मानवलं नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो. खरं तर न मानवण्याची कारणं बरीच नेमकी असतात आणि त्यांतली बहुतेक हाताळता येण्यासारखी असतात.

सुरुवात माशाच्या शरीरापासून करू. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, माशाच्या रक्तात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. मीठ चोळलेल्या काकडीला पाणी सुटतं, तसं समुद्री माशाच्या शरीरातलं पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढलं जात असतं. भरपाई म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींकडून बाहेर टाकतो. हा कारभार रात्रंदिवस चालतो आणि त्याला ऊर्जा लागते. मासा घाबरला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, श्वास जलद होतो, कल्ल्यांतून अधिक रक्त खेळतं आणि पाणीही अधिक जातं. म्हणजे पाण्यात बुडालेला मासा अक्षरशः कोरडा पडत जातो. जाळ्यात सापडल्यापासून व्यापाऱ्याचे हौद, चेन्नईचं किंवा परदेशातलं गोदाम, विमान, दुकान आणि शेवटी आपलं घर, एवढे मुक्काम त्याने याच अवस्थेत काढलेले असतात. प्रवासात पिशवी घाण होऊ नये म्हणून त्याला आधी उपाशी ठेवतात. आपल्या हातात येणारा मासा दिसायला टवटवीत असला तरी आतून थकलेला असतो.

आता पिशवीकडे वळू. मासा घरी आणला की पिशवी उघडायची, बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब तीत सोडायचं आणि हे दोन-तीन तास चालू ठेवायचं, अशी एक पद्धत हौशी मंडळींत फार मानाची आहे. जितकं सावकाश तितकं माशाला सुखाचं, असा त्यामागचा समज. दीर्घ प्रवास करून आलेल्या माशाच्या बाबतीत मला ही पद्धत धोक्याची वाटते, आणि त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो, समुद्राचा 8.2 च्या आसपास असतो, तो 7 पर्यंतही उतरतो. त्याच पाण्यात माशाच्या कल्ल्यांतून आलेला अमोनिया साठत असतो. पण कमी पीएचमध्ये जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसं विषारी नसतं. पिशवी उघडली की साठलेला वायू उडून जातो, पीएच चढू लागतो आणि अमोनियम पुन्हा विषारी अमोनियात बदलतो. पीएच 7 वरून 8.2 वर गेला तर विषारी अमोनियाचा वाटा दहा पटींहून जास्त वाढतो. वरून आपण टाकीचं जास्त पीएचचं पाणी थेंबथेंब घालून या बदलाला हातभारच लावतो. तीन तास प्रेमाने नळी धरून बसणारा माणूस माशाचे कल्ले भाजून काढत असतो.

कुर्ल्याहून दीड-दोन तासांत आलेल्या पिशवीत एवढं विष साठत नाही, हे मान्य. तरी पद्धत सोपी ठेवावी. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान जुळतं. मग पिशवी उघडून क्षारता मोजायची. दोन पाण्यांची क्षारता जुळत असेल तर मासा भांड्याने किंवा मऊ जाळीने उचलून सरळ नव्या पाण्यात सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मोरीत टाकायचं.

‘जुळत असेल तर’ या शब्दांवर सगळं अडतं. बरेच दुकानदार आपल्या टाक्यांची क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. परजीवी दबून राहतात आणि मीठही वाचतं. जास्त क्षारतेतून कमी क्षारतेत जाणं माशाला बरंच सोसतं, उलट प्रवास मात्र महागात पडतो, कारण शरीरातलं पाणी एकदम ओढलं जातं. दुकानात 26 ग्रॅम आणि घरी 35 ग्रॅम असेल तर तासाभराच्या थेंबांनी हा फरक माशाच्या अंगवळणी पडत नाही. पेशींना नवा ताळमेळ बसवायला दिवस लागतात. म्हणून वेगळी छोटी टाकी आधीच दुकानाच्या क्षारतेवर आणून ठेवावी, मासा तीत सोडावा आणि मग रोज दोन-एक ग्रॅमने क्षारता चढवावी. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो.

पाण्याची तयारी माशाच्या कितीतरी आधी करायची असते. पालिकेच्या नळाला क्लोरीन असतो. तो ‘हायपो’च्या खड्यांनी, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, मारता येतो, पण खाऱ्या टाकीसाठी आरओचं पाणी बरं. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ विरघळवायचं, शंभर लिटरला साडेतीन किलोहून थोडं जास्त. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं. ठाण्याच्या खाडीचं पाणी कॅनमध्ये भरून आणण्याचा विचार तर करूच नये. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी भरली त्याच दिवशी मासा आणणारा माणूस पुढच्या त्रासाचं बुकिंग करून येतो.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उकाडा. प्रवाळ बेटांवरच्या माशांना 25 ते 27 अंश मानवतात. एप्रिल-मेमध्ये इथल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी सहज तीस ओलांडतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. चिलर महाग पडतो. पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश खाली आणतो, पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या नव्हे. वीज जाण्याची सोय म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

वेगळ्या छोट्या टाकीचा उल्लेख वर आला. ती क्षारतेपुरती नाही. नव्या माशाला महिनाभर तरी तिथेच ठेवायचं. त्याच्या अंगावर साखरेच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी थकलेल्या माशावर जोर धरतो. चार-सहा दिवस माशावर पोसून तो गळतो आणि तळाशी कवच करून बसतो. पुढे एकेका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधतात. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, असं वाटतं तेव्हा टाकीत परजीवीची शेकडो पिल्लं तयार होत असतात. मोठ्या टाकीत हा परजीवी एकदा शिरला की सगळे मासे काढून ती जवळपास अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. तांब्याचं औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, कारण ते कोळंबी-गोगलगायींना मारतं. विलगीकरणाच्या टाकीला थाट लागत नाही: वाळू नको, दगड नकोत, मुरलेला स्पंज फिल्टर आणि लपायला प्लंबरकडून आणलेले पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो.

पहिल्या रात्री दिवा बंद. खोलीतही अंधार असला तर उत्तम. शेजारपाजारच्यांना नवा पाहुणा दाखवायचा कार्यक्रम पुढे ढकलावा. काचेवर बोट आपटणारी मुलं आणि मोबाइलचा फ्लॅश यांच्यापेक्षा रिकामी, शांत खोली माशाला जास्त उपयोगी पडते. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर काळजी नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडंसंच द्यावं, आणि उरलेलं लगेच काढावं. कोरड्या गोळ्यांकडे न पाहणारा मासा हलणाऱ्या आर्टेमियावर मात्र झडप घालतो. हा मिठागरांतला इवलासा जीव आपल्या घरचाच आहे: मुंबईच्या पाण्यात तो असल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1953 मध्ये केली होती. रात्री माशाचा रंग उतरलेला दिसला तर घाबरू नये, झोपेत अनेकांचे रंग फिकटतात. रॅससारखे काही मासे टाकी बदलली की वाळूत शिरून एक-दोन दिवस गायब होतात. मेला समजून वाळू उकरू नये.

मोठ्या टाकीत नेताना अडचण पाण्याची नसते, आधीच्या रहिवाशांची असते. बोटभर डॅमसेल आपल्या कोपऱ्यासाठी दुप्पट मोठ्या माशाला फाडतो. नव्याला सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलली की सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या जातात. किंवा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात नव्याला दोन-तीन दिवस टाकीतच टांगून ठेवावं. एकमेकांना पाहून झाल्यावर जोर ओसरतो.

तरीही सर्वांत मोठा फरक पडतो तो मासा कुठून आला यावर. रानातून पकडलेल्यापेक्षा टाकीत जन्मलेला क्लाऊनफिश कितीतरी लवकर रुळतो. काच, गोळ्या, पंपाचा आवाज त्याला जन्मापासून ठाऊक असतात. असे मासे वाढवण्याचं काम आपल्याच ठाणे जिल्ह्यात झालं आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या तांत्रिक साहाय्याने शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभारली. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना माशांच्या पिल्लांच्या संगोपनातून उत्पन्न मिळावं, हाही त्यामागचा हेतू. उलट समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. कुणी टेबलाखालून देऊ केले तरी घेऊ नयेत.

दुकानात गेल्यावर भाव करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. टाकीची क्षारता विचारावी, आणि मासा आपल्यासमोर खातो का ते पाहावं. ‘घरी गेल्यावर खाईल’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवून दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.