आरंभ-साचा आणि पाठ : ‘माझा प्रवास’मधील झाशी व चॅटबॉटची उभारणी

चॅटबॉटचा प्रकल्प आज कोऱ्या पानावरून क्वचितच सुरू होतो. एखाद्या चौकटीने पुरविलेला आरंभ-साचा संगणकावर उतरवून घ्यायचा, त्यातील नमुना-मजकूर काढायचा व आपला भरायचा, अशी रीत आहे. जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायना ठरलेला असे आणि मजकूर बदलत असे. येथेही वरवर तसेच दिसते. परंतु मायना हा केवळ सांगाडा नसतो. लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते तो आधीच ठरवून टाकतो. आरंभ-साचाही तेच करतो, आणि म्हणूनच तो साहित्याभ्यासकाच्या विचाराचा विषय ठरतो.

साचा व मजकूर यांची ही फारकत जुनी आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एलिझा’त संभाषण चालविणारी आज्ञावली वेगळी आणि तिला पुरवायची संहिता वेगळी होती. मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग वठविणारी ‘डॉक्टर’ ही त्या संहितांपैकी एक. संहिता बदलली की तेच यंत्र निराळे बोलू शकत असे.

‘रासा’ या पायथन भाषेतील मुक्तस्रोत चौकटीत हीच रचना विस्ताराने दिसते. ‘रासा इनिट’ ही आज्ञा दिली की चालता नमुना-प्रकल्प तयार होतो. त्यातील एका फाइलीत वापरणाऱ्याचे हेतू व प्रत्येक हेतूची उदाहरणवाक्ये असतात. दुसरीत बॉटची उत्तरे. तिसरीत संभाषणाचे संभाव्य मार्ग, ज्यांना ‘स्टोरीज’ असेच नाव आहे. चौथीत भाषा व विश्लेषणाचे टप्पे. नमुन्यातला बॉट मनःस्थिती विचारतो आणि उत्तर उदास आले तर वाघाच्या बछड्याचे चित्र दाखवितो. हे सारे काढून आपला विषय भरणे, मग ‘रासा ट्रेन’ने प्रशिक्षण देणे आणि ‘रासा शेल’मध्ये बोलून पाहणे, असा क्रम असतो.

आता या साच्यात झाशी भरायची झाली तर काय होईल? विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे गेले आणि मार्च-एप्रिल १८५८ मधील झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. ‘माझा प्रवास’ ही त्यांची हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली छापली. छापताना भाषेत फेरफार केले आणि काही मजकूर गाळला. मूळ मोडी हस्तलिखिताच्या आधारे दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. हिंदीत अमृतलाल नागर यांचा अनुवाद आहे. प्रिया आडारकर व शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ सालचा आहे.

पहिली अडचण भाषेची. साच्यातील भाषेची नोंद मुळात इंग्रजीची असते आणि शब्दांची तोड कोऱ्या जागेवरून होते. मराठीत ‘झाशी’, ‘झाशीस’, ‘झाशीहून’, ‘झाशीच्या’ ही त्यामुळे चार वेगळी पदे ठरतात. अक्षरगटांवर चालणारा टप्पा जोडल्यास त्यांतील साम्य यंत्राला काही अंशी दिसते. ‘झांशी’, ‘झाशी’ आणि हिंदीतील ‘झाँसी’ ही लेखनरूपे मात्र समानार्थी म्हणून हाताने नोंदवावी लागतात. उत्तरांच्या फाइलीत ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हेही आरंभीच ठरवावे लागते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. साचा एका प्रश्नास एका उत्तराची जागा देतो. ‘राणीविषयी गोडसे काय सांगतात?’ या प्रश्नाला वैद्यांचा पाठ, पोतदारांचा पाठ आणि प्रत्येक अनुवाद आपापले उत्तर देतो. शिवाय वेढा ही गोडशांनी पाहिलेली गोष्ट. ग्वाल्हेरच्या लढाईतील राणीचा मृत्यू ही ऐकलेली. एकाच स्वरातील उत्तर हा भेद पुसून टाकते. मोठ्या भाषा-प्रतिमानांवरील अलीकडच्या साच्यांत हेतूंच्या यादीऐवजी सूचना-मजकूर आणि पाठांचा संग्रह असतो. तेथे उत्तर आयत्या वेळी रचले जाते, म्हणून हा धोका वाढतो.

यावरचा उपाय साच्यातच करता येतो. प्रत्येक उताऱ्यासोबत तीन खुणा नोंदवाव्यात : आवृत्ती, भाषा, आणि ‘पाहिलेले’ की ‘ऐकलेले’. उत्तर देताना त्या खुणा वाचकापुढे याव्यात. पाठभेद असेल तेथे दोन्ही पाठ शेजारी ठेवावेत. बॉटने गोडशांच्या प्रथमपुरुषात बोलू नये. ‘पोतदार आवृत्तीनुसार’ असे म्हणावे. ‘तू यंत्र आहेस का?’ हा हेतू रासाच्या नमुन्यात आधीपासून आहे. मनःस्थितीचे प्रश्न काढताना तो मात्र काढू नये. तसेच हेतूविषयी खात्री पुरेशी नसेल तर माघार घेणारा टप्पा जोडावा आणि त्याचे उत्तर ‘पाठात याविषयी उल्लेख सापडला नाही’ असे स्पष्ट असावे. चाचणीच्या प्रश्नांतही पाठात उत्तर नसलेले प्रश्न मुद्दाम घालावेत, कारण बॉटचा प्रामाणिकपणा तेथेच पारखला जातो.

झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश गोडशांनी हळहळून नोंदविला आहे. तेथे पोथ्या गेल्या. एकाच सपाट उत्तरात पाठ विरघळले तर पोथ्या कपाटात सुरक्षित राहूनही वाचकाच्या दृष्टीने तोच परिणाम होतो. तौलनिक साहित्याने पाठांतील अंतर जपण्याची जी शिस्त कमावली आहे, तिची गरज म्हणून आज्ञावलीच्या पहिल्या फाइलीपासूनच आहे. प्रकल्प पूर्ण झाल्यावर ती जोडता येत नाही.