लोणी की मार्गारीन? वजन उतरविणाऱ्यांच्या एका नित्याच्या प्रश्नाविषयी

महोत्सवी स्मरणिकेत लोण्यावर लेख कशाला, असे कित्येक सभासदांस वाटेल. त्याचे कारण साधे आहे. न्यासाच्या आरोग्य शिबिरांत वजनकाट्याशेजारी वही घेऊन बसण्याचे काम आमच्याकडे असते, आणि काट्यावरून उतरता उतरता जे प्रश्न विचारले जातात त्यांत हा एक ठरलेला असतो: "लोणी बंद करून मार्गारीन सुरू केले तर वजन उतरेल ना हो?" मागे रांग खोळंबलेली असल्यामुळे आम्ही आजवर या प्रश्नाला अर्धेमुर्धे उत्तर देत आलो. ती उधारी येथे फेडावी असा विचार आहे.

उत्तर प्रथम सांगतो व कारणे मागाहून. उतरणार नाही. निदान या अदलाबदलीने तरी नाही.

बाजारात मिळणाऱ्या १०० ग्रॅम लोण्यात सुमारे ८० ग्रॅम मेद असतो, उरलेले बहुतेक पाणी व थोडे मीठ. त्यातून सुमारे ७२० कॅलरी मिळतात. आता मार्गारीन घ्या. पावाला लावण्याच्या मार्गारीनमध्येही कायद्याने किमान ८० टक्के मेद असावा लागतो व पाणी साधारण तितकेच, म्हणजे कॅलरी पुन्हा सुमारे ७२० च. एक ग्रॅम मेद म्हणजे ९ कॅलरी. तो गाईच्या सडातून आला की ताडाच्या फळातून, याची चौकशी शरीर वजनाच्या बाबतीत करीत नाही. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, लोणी खाल्ले काय किंवा मार्गारीन खाल्ले काय, ३६ कॅलरी जमेस धरावयाच्या. आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटते. तेवढ्याच चमचाभर तेलात किंवा तुपात ४५ कॅलरी असतात. तेल व तूप हे निव्वळ मेद, आणि लोण्यात पाण्याची भेसळ निसर्गानेच करून ठेवलेली. तेव्हा 'तेल हलके, लोणी जड' हा समज वजनापुरता तरी उलटा आहे.

मग मार्गारीन हलके असते ही समजूत आली कोठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मार्गारीनचा जन्म आरोग्यासाठी झालाच नव्हता. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याला आपल्या आरमारासाठी व गोरगरिबांसाठी लोण्याऐवजी काही स्वस्त व टिकाऊ पदार्थ हवा होता. त्याने लावलेले बक्षीस १८६९ साली इपोलीत मेज-मूरिए या रसायनज्ञाने मिळविले. त्याचे मार्गारीन गाईबैलांच्या चरबीचे होते. (आज आपल्याकडे विकले जाणारे वनस्पती तेलांचे असते, डब्यावरचा हिरवा ठिपका पाहून खात्री करून घ्यावी.) पुढे १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन वायू घालून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि चरबीची गरज उरली नाही. गोठ्यातले काम कारखान्यात होऊ लागले. दूधवाल्यांचा अर्थातच जळफळाट झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन या दुभत्याच्या प्रांतात तर पिवळे मार्गारीन विकण्याला १९६७ पर्यंत बंदी होती. पांढरेफटक विका म्हणजे कोणी फसणार नाही, असा हिशेब. खरे पाहता रंगावरून काहीच कळत नाही. घरी म्हशीच्या दुधाचे लोणी काढले तर ते पांढरेशुभ्र निघते, आणि दुकानातील पिवळ्या लोण्यातही पुष्कळदा रंग घातलेला असतो.

आपल्याकडे ही विद्या आली ती मात्र लोण्याच्या नव्हे, तुपाच्या वेषात. १९३७ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 'डालडा' बाजारात आणले. मुंबईत शिवडीला त्यांचा कारखाना होता. माडाच्या चित्राचा तो पिवळा डबा आमच्या पिढीतील कोणास आठवत नाही? आतले तूप संपले तरी डबा संपत नसे. कोणी त्यात तांदूळ ठेवी, कोणी अबोलीचे रोप लावी. मुंबईला चाकरीस असलेल्या आपल्या पेडण्याच्या माणसांना खरे तूप परवडत नसे, हे स्वस्त पडे, लवकर खवट होत नसे, आणि नेवऱ्यांच्या पिठाला याचे मोहन घातले की चवथ उलटून गेली तरी त्या खुसखुशीत राहत. गृहिणींनी त्याला घरात घेतले ते काही अडाणीपणाने नव्हे.

विरोधही पुष्कळ झाला. महात्मा गांधींनी वनस्पतीविरुद्ध लिहिले, पण त्या काळी मुख्य तक्रार होती ती शुद्ध तुपात होणाऱ्या भेसळीची. त्यावर सरकारने जो उपाय काढला तो मोठा गमतीचा आहे. प्रत्येक वनस्पती तुपात ठराविक प्रमाणात, निदान पाच टक्के, तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे असा नियम केला. तिळाच्या तेलात असा एक अंश असतो की हायड्रोक्लोरिक आम्ल व किंचित साखर घालून हलविल्यावर तो गुलाबी-लाल रंग देतो. म्हणजे 'शुद्ध' म्हणून विकलेल्या तुपाचा नमुना नळीत घालून हलवावा. लाल झाला की दुकानदाराचाही चेहरा तसाच होई. चोराच्या खिशात आधीच घंटा बांधून ठेवावी तशी ही युक्ती.

परंतु खरा दोष भेसळीत नव्हता, तो त्या घट्टपणातच होता, आणि तो कळावयास फार वर्षे लागली. पातळ तेलाचे कण वाकलेल्या काड्यांसारखे असतात, म्हणून ते नीट रचले जात नाहीत व तेल पातळ राहते. हायड्रोजन अर्धवट घातला असता त्यांतील काही कण वाक न जाता नुसते उलटे वळून सरळ होतात. यालाच ट्रान्स मेद म्हणतात. १९९० साली मेन्सिंक व कातान या नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून दाखविले की हा मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल तर वाढवितोच, पण चांगले कोलेस्टेरॉल घटवितो देखील. लोण्यातील मेद निदान हे दुसरे पाप करीत नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २००९ साली आपल्याकडील वनस्पती तुपे तपासली, तेव्हा त्यांत हा मेद डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट आढळला. म्हणजे ज्यांनी हृदयाच्या भीतीने तूप टाकून वनस्पती धरले, त्यांनी आगीतून फुफाट्यात उडी घेतली होती. त्यांचा काय दोष? त्या वेळी जाणती म्हणविणारी माणसेच तसे सांगत होती.

आता परिस्थिती पालटली आहे. तेले, वनस्पती व मार्गारीन यांत ट्रान्स मेद २०२१ पासून तीन टक्क्यांहून व २०२२ पासून दोन टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने केला. कारखानदार घट्टपणासाठी आता पाम तेलाकडे वळले आहेत. पाम तेलातला निम्म्याच्या आसपास मेद संपृक्त असतो. लोण्यात १०० ग्रॅममागे तो ५१ ग्रॅम भरतो. ज्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी पथ्य सांगितले आहे त्यांनी यांतले काही घेतले तरी बेतानेच घ्यावे. स्वयंपाकाला शेंगदाण्याचे, तिळाचे किंवा सूर्यफुलाचे पातळ तेल मोजून वापरणे त्यांना अधिक श्रेयस्कर. पण तो हृदयाचा विषय झाला, वजनाचा नव्हे. लोक हे दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात आणि तेथेच फसतात. 'हृदयाला बरे' असे वेष्टनावर छापले की ते 'पोटाला हलके' असेही आपोआप वाचले जाते.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. बाजारात 'फॅट स्प्रेड' या नावाचा एक तिसरा प्रकार मिळतो. दिसावयास मार्गारीनसारखाच, पण त्यात मेद ८० टक्क्यांहून कमी व निदान ४० टक्के असतो, बाकी पाणी. चाळीस टक्क्यांच्या डब्यात कॅलरी खरोखरच निम्म्या. तळणीला तो निरुपयोगी, पावाला चालतो. घेताना नावावर न जाता मागील बाजूस बारीक अक्षरांत १०० ग्रॅममागे मेद किती लिहिला आहे ते पाहावे. चष्मा बरोबर न्यावा.

परंतु येथेही मनुष्यस्वभाव आडवा येतो. आमच्या नात्यातील एक गृहस्थ मोप्याच्या विमानतळावर टॅक्सी चालवितात. विमानतळ २०२३ साली सुरू झाला तेव्हापासून त्यांचा दिवस चाकामागे बसण्यात जातो. वजन वाढले म्हणून वहिनींनी घरातले लोणी बंद करून मार्गारीनचा डबा आणला. सहा महिन्यांनी ते शिबिरात काट्यावर उभे राहिले ते दोन किलो अधिक भरून! चौकशी करता कळले की पूर्वी पोदेराच्या पावाला सुरीचे एक टोक लोणी लागे. आता 'हे काही लोणी नव्हे' म्हणून दोन्ही अंगांना सढळ लावले जाई, आणि पावही दोनाचे तीन झाले होते. शिवाय दुपारी गाडी उभी करून दोन पॅटीस. त्या पॅटीसचे पापुद्रे कशाने सुटतात, हे त्यांना आम्ही विचारले. बेकरीत पिठाच्या घड्यांत थरावर थर लावतात ते बहुतेक मार्गारीनच! घरातला डबा बंद केला तरी हे बाहेरचे चालूच राहते, कारण ते दिसत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात तर लोण्याहून मोठे कोठार नारळाचे आहे. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी असतात. हुमण नारळाविना करा असे सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि तसे करावेही लागत नाही. पण रोज एक नारळ लागणाऱ्या घरात लोणी की मार्गारीन यावर वाद घालणे म्हणजे दरवाजा उघडा टाकून खिडकीला कडी घालणे होय. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल, तूप, लोणी असा वरून घालावयाचा मेद सारा मिळून २७ ग्रॅम धरला आहे, म्हणजे साडेपाच चमचे. फोडणी, माशांची तळणी, पावावरचे लोणी आणि वरणभातावरचे तूप, सर्व यातच बसवावयाचे.

हे इतके तपशिलाने सांगण्याचे कारण म्हणजे आपला गोवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत अधिक गोव्यात आढळले: २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एक. आपल्या न्यासाच्या कोणत्याही पंगतीत एका ओळीत किती पाने असतात, त्यावरून हिशेब करावा. भारतीयांना वजनाचा त्रासही लवकर जाचतो. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० च्या पुढे गेला की सावध व्हावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आमचे वाडवडील काही कमी खात नव्हते. चोपड्याहून शिवोलीस जावयाचे तर धक्क्यापर्यंत पायी, मग फेरीबोट, पलीकडे उतरून पुन्हा पायी. आज शापोरा नदीवरील पुलावरून दुचाकी पाच मिनिटांत पार होते. पूल हवाच होता, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही; फक्त ते चालणे जमाखर्चातून गेले आणि जमेची बाजू तशीच राहिली. साधारण वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला तर ५० ते ६० कॅलरी खर्च होतात. मोठा चमचाभर लोणी (१४ ग्रॅम, सुमारे १०० कॅलरी) म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर झाले.

मग करावे काय? ज्याला लोणी आवडते त्याने लोणीच खावे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते मोजून खावे. १०० ग्रॅमची वडी आणली की वेष्टनावर तारीख घालावी. चार माणसांच्या घरात ती दहा दिवस पुरली तर माणशी दिवसाला अडीच ग्रॅम पडले; त्याने कोणी लठ्ठ होत नाही. तीन दिवसांत संपली तर प्रत्येकाच्या पोटात दिवसाला सुमारे ६० कॅलरी गेल्या. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तेव्हा दिवसाला २०० कॅलरी कमी केल्या तर महिन्याला पाऊण किलोच्या आसपास उतरते. पुढे पुढे शरीर काटकसर शिकते व वेग मंदावतो, त्याने खचून जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून एकाएकी जेवण तोडू नये. साखर खाली येऊन भोवळ येते.

आमचे ते टॅक्सीवाले आप्त अलीकडे पुन्हा भेटले. डबा गेला, लोणी परत आले आहे. पॅटीस आठवड्याला एकच. विमान येण्याची वाट पाहताना गाडीत न बसता ते वाहनतळाच्या कडेने फेऱ्या मारतात. बरोबरचे चालक थट्टा करतात म्हणे. तीन महिन्यांत दीड किलो उतरले, अशी आमच्या वहीत नोंद आहे.