दिवेलागणीला एकट्याने: सीएसएमटी ते मरीन ड्राइव्ह

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त "म्हणजे" आणि "ना" जरा कमी केलेत.

आजचा विषय साधा आहे. मोठ्या शहरात, सूर्य मावळताना, एकट्याने चालणं. ग्रुप नाही, गाइड नाही, काम नाही. पण एक गंमत बघा, मराठीत या गोष्टीसाठी एकही चांगला शब्द नाही. उंडारणं, भटकणं, रेंगाळणं, रिकामटेकडेपणा... सगळ्यात थोडी शिवी आहेच. त्यात वेळ कुठली, तर तिन्हीसांजेची. "दिवेलागणीच्या आत घरात" हे ऐकूनच आपल्यातल्या बहुतेक मुली वाढल्यात. मुलगे नाक्यावर तासभर उभे राहिले तरी त्यांना कोणी विचारत नाही. त्यामुळे आज मी वाट सांगणार आहे, आणि ती एकटीने चालायची कशी तेही.

वाट मुंबईची. सीएसएमटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंत, साधारण अडीच-तीन किलोमीटर. न थांबता गेलात तर पाऊण तास, पण न थांबता जायचं असेल तर टॅक्सीच करा ना. त्या दिवशीचा सूर्यास्त फोनवर बघा आणि त्याच्या दीड तास आधी निघा.

सूर्यास्ताची वेळ बघाच, अंदाजाने जाऊ नका. मुंबईत नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. कोलकात्याचे मित्र म्हणतात तुमच्याकडे संध्याकाळ किती उशिरा होते, तर ते खरंच आहे, तासाभराचा फरक पडतो. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. पूर्वी मुंबईचा स्वतःचा "बॉम्बे टाइम" होता तो याच ३९ मिनिटांचा. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबईने हट्टाने तो पुढे कित्येक दशकं, १९५५ पर्यंत वापरात ठेवला.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे सूर्य तिरका न उतरता जवळजवळ सरळ खाली जातो. त्यामुळे बुडाल्यावर नीट दिसण्याइतका संधिप्रकाश मिळतो वीस-पंचवीस मिनिटं. लंडनला जूनमध्ये तो पाऊण तासाच्या आसपास रेंगाळतो. तिथल्या व्लॉगमध्ये पाहिलेली निवांत संध्याकाळ इथे मिळत नाही. इथे दिवस मिटतो तो पटकन.

तर सुरुवात सीएसएमटीला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत, काम सुरू झालं १८७८ मध्ये. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. दोन्ही रोज बघून बघून आपल्याला दिसेनाशा झाल्यात. स्टेशनच्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे, तिच्याकडे एकदा तरी मान वर करून बघा. मग दादाभाई नौरोजी रोडने सरळ. कमानींखालून जाणारा फुटपाथ आहे, सावली आहे, फेरीवाले आहेत. इथे वेगाने चालायचा प्रयत्न करू नका, जमणार नाही.

पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतल्या हुतात्म्यांचं स्मारक आणि शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन. हे कारंजं उभं आहे तिथे जुन्या किल्ल्याचा एक दरवाजा होता, सेंट थॉमस चर्चकडे जाणारा, म्हणून चर्च गेट. किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, दरवाजाही गेला, नाव मात्र पुढे जाऊन स्टेशनला चिकटलं. रोज "चर्चगेट स्लो" पकडणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

आता ओव्हल मैदान. माझ्या मते या वाटेवरची सगळ्यात भारी जागा हीच, मरीन ड्राइव्ह नाही. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास इथे पोहोचा. मधल्या पायवाटेने मैदान ओलांडा आणि पलीकडे गेल्यावर सूर्याकडे पाठ करा. हो, पाठ. कारण हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही सगळी रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि शेवटचं पिवळं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. त्या बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर मैदान, रेल्वे आणि थेट समुद्र होता. टॉवरचा दगड कुर्ल्याचा, मूळचाच पिवळसर, तो त्या उन्हात असा काही पेटतो की फोन आपोआप हातात येतो.

टॉवरची गोष्टही संध्याकाळचीच आहे. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. उंची २८० फूट. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं, राजाबाई. असं सांगतात की त्या अंध होत्या आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवत. टॉवरच्या टोल्यांमुळे त्यांना कोणाला न विचारता वेळ कळायची. गोष्ट किती खरी ते सोडा, पण "कोणाला न विचारता" हा भाग मला फार आवडतो.

मैदानाच्या पश्चिमेला वेगळंच शहर. १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती: गोल कोपरे, जहाजाच्या डेकसारख्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. समोरासमोर उभी ही दोन शतकं २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्रच गेली. कोपऱ्यावर १९३८ चं इरॉस. तिथून समुद्र दहा मिनिटांवर. ही जमीनही समुद्र हटवून मिळवलेली. १९२० च्या दशकात बॅकबे भरावातला घोटाळा खुर्शेद नरिमन यांनी बाहेर काढला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून ते सुटले. आणि पुढे भराव घालूनच केलेल्या जागेला नाव दिलं नरिमन पॉइंट!

मरीन ड्राइव्हला आलात की डावीकडे वळा, नरिमन पॉइंटच्या टोकाकडे. बरेच जण उजवीकडे चौपाटी गाठतात आणि हिरमुसतात, कारण तिथून सूर्य मलबार हिलच्या इमारतींमागे जातो, पाण्यात बुडताना दिसत नाही. या टोकाला पश्चिमेचा समुद्र मोकळा आहे. टेट्रापॉडवर म्हणजे त्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरू नका. शेवाळ असतं, आणि फटीत पाय गेला की बाहेर काढणं अवघड. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी तर कट्ट्यापासूनही लांब.

आता एकटीने कसं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं "व्हाय लॉइटर?" हे २०११ चं पुस्तक मुंबईबद्दलच आहे. त्यातला मुद्दा असा की बाई रस्त्यावर असली की तिला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. फोन कानाला, बॅग छातीशी, चाल भराभर. हे वाचल्यापासून मी स्वतःकडे बघते तर अगदी तसंच. म्हणून ही वाट निवडली. इथे शेवटपर्यंत माणसं असतात, दिवे असतात, बसायला कट्टा असतो आणि तिथे कोणी "काय काम आहे?" विचारत नाही. पहिल्यांदा एकटीने बसायला यापेक्षा सोपी जागा मुंबईत मला तरी माहीत नाही.

एक इयरफोन काढून ठेवा. पॉडकास्टवालीच सांगतेय, ऐका. बॅटरी निम्मी तरी असू द्या. लोकेशन एका माणसाला पाठवा, दहा जणांना नको, नाहीतर दहा फोन येतात. ११२ आणि मुंबई पोलिसांचा १०३ सेव्ह करा. आणि कायदा: अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, आणि तेव्हाही महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. नुसतं बसण्याबद्दल कोणी दम दिला तर हे डोक्यात असू द्या.

घरून फोन येईल. "कुठे आहेस? कोणाबरोबर?" यावर "मैत्रिणीबरोबर" हे उत्तर आपोआप तोंडात येतं. एकदा "एकटीच आहे, मरीन ड्राइव्हला, साडेनऊला घरी" असं सांगून बघा. पहिल्या वेळी पलीकडे शांतता. दुसऱ्या वेळी "जेवायला आहेस ना?"

सूर्य गेल्यावर लगेच उठू नका. ढग असतील तर खरा रंग पुढच्या दहा मिनिटांत येतो, मग किनाऱ्याचे दिवे लागतात. शिवाय त्या वेळी चर्चगेटला ऑफिसची गर्दी असते, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. साडेआठनंतर ती जरा ओसरते, तोवर दाणे घ्या आणि बसा.

पुढच्या भागात पर्वतीवरून पुणं. तुमच्या शहरातली अशी वाट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत.