रकाना आला की कायदा आला

सकाळी 7.30

शटर अर्धं वर गेलं तोच पायरीवर बसलेले काका उठले. पेढांब्याहून आलेत. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार आणि घडीवर घडी पडलेला एक कागद. त्यावर मुंबईच्या चुलतभावांच्या सह्या आहेत. नोव्हेंबर 2025 चा शेवटचा आठवडा चालू आहे. आंबा-काजूच्या हवामानावर आधारित विम्याची मुदत कोकणात 30 तारखेला संपते, म्हणून या दिवसांत मी लवकर येते. दहा वाजले की राज्यभरातले सेवा केंद्रचालक एकदम कामाला लागतात आणि पोर्टल मान टाकतं. सकाळी ते जरा शुद्धीवर असतं.

अलोरे म्हणजे कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं गाव. वर कोळकेवाडीचं धरण, पलीकडे पोफळी, मग कुंभार्ली घाट. वसाहतीतली वर्दळ पूर्वीची राहिली नाही, पण बँक, बाजार, शाळा यांच्या निमित्ताने कोळकेवाडी, नागावे, शिरगाव, पोफळीची माणसं इथे उतरतात आणि कागद काढायला माझ्या सेवा केंद्रात येतात. टीव्हीवर विधेयक मंजूर झाल्याची पट्टी सरकली की दुसऱ्या दिवशी दारात गर्दी. जुलैच्या अधिवेशनात महसूलमंत्र्यांनी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली, तर सकाळी एक दादा तीन गुंठ्यांचा नकाशा घेऊन हजर! विधेयक, राज्यपालांची सही, राजपत्र, नियम, शासन निर्णय आणि शेवटी पोर्टलवरचा रकाना, एवढी वाट असते हे मी त्यांना समजावलं. त्यांना वाटलं, मीच अडवतेय.

8.00

काकांचा अर्ज उघडला. झाडं पाच वर्षांच्या वरची आहेत, क्षेत्र दहा गुंठ्यांपेक्षा जास्त आहे, शेतकरी ओळख क्रमांक मिळालाय, बागेचा अक्षांश-रेखांशासह काढलेला फोटो नातवाने मोबाइलवर पाठवलाय. सगळं जुळलं आणि सातबाऱ्यावर येऊन अडलं. सामाईक सातबारा. कोकणात हे काही नवीन नाही. नावांची रांगच्या रांग, त्यातली निम्मी माणसं लालबाग-परळला गेली, त्यातलीही काही आता हयात नाहीत. सामाईक जमिनीच्या विम्याला सहहिस्सेदारांचं संमतिपत्र लागतं. काकांनी गणपतीतच सगळ्यांना गाठून सह्या घेतल्यात.

"या दोघांच्या सह्या राहिल्या, काका."

"ते दोघं वारले गो. त्यांच्या सह्या कुठून आणू?"

त्यांच्या वारसांची नावं लागलेली नाहीत. म्हणजे सही करायला कायद्याने तिथे कोणी उभंच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिच्यात वारसाने आपल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी असं लिहिलंय. तलाठ्यांचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, पण तीन महिन्यांची अट आमच्याकडे अजून कोणी मनावर घेतलेली नाही. या वर्षी सरकारने मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. नाव ऐकून लोक हसले. मला विचाराल तर अलीकडच्या काळातलं महसूल खात्याचं सगळ्यात उपयोगी काम तेच.

काकांचा स्वतःच्या नावचा एक वेगळा गट निघाला. त्यातली काजू आज विम्यात घातली, सामाईकातली राहिली. विमा रकमेच्या साधारण 5 टक्के शेतकऱ्याने भरायचे, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात.

"तो एक रुपयावाला नाही का?" काकांनी विचारलंच. तो फळबागांना नव्हताच. 2023 च्या खरिपात भात-नाचणीसारख्या पिकांसाठी राज्याने तो आणला आणि 2025 च्या खरिपाआधी बंद केला. मधल्या काळात दुसऱ्याच्या, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवरसुद्धा बोगस अर्ज भरले गेले. केंद्रचालकाला अर्जामागे 40 रुपये मिळत, आणि काहींनी त्या 40 रुपयांसाठी आम्हा सगळ्यांचं नाव घालवलं. एक रुपयाची ती घोषणा मला तेव्हाही पटली नव्हती. एक रुपयाच्या पावतीवर काय लिहिलंय हे वाचायला कोणी थांबत नसे.

उठता उठता काकांचा खरा प्रश्न आला. गेल्या खेपेला मोहोर काळा पडला, पैसे का आले नाहीत, पंचनाम्याला कोणी का आलं नाही? हा प्रश्न मला दिवसातून अनेकदा येतो. या विम्यात झाडाकडे बघायला कोणी येत नाही. मंडळातलं संदर्भ हवामान केंद्र अवेळी पाऊस आणि किमान तापमान नोंदवतं, आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिला तर भरपाई बसते. केंद्र एका जागी आणि बाग डोंगराच्या कुशीत दुसऱ्या बाजूला असेल तर तिथला पाऊस यंत्राला दिसत नाही. गारपिटीची गोष्ट वेगळी, तिची खबर 72 तासांत स्वतः द्यावी लागते. काका म्हणाले, "म्हणजे विमा झाडाचा नाही, यंत्राचा." मी काही बोलले नाही.

10.15

अकरावीतल्या मुलीची आई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आली. सोबत पाचशेचा मुद्रांक. कोणीतरी सांगितलं म्हणून चिपळूणला जाऊन आणलेला.

इथे मात्र कायद्याचा थेट संबंध आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अध्यादेशाने बदल झाला आणि शंभर-दोनशेच्या जागी किमान पाचशे रुपये आले. पण जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्याला जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, अशी माफी 2004 पासून आहे. या वर्षी मार्चमध्ये महसूलमंत्र्यांनी ती पुन्हा जाहीर केली, कारण साध्या कागदाची प्रतिज्ञापत्रं कित्येक टेबलांवरून परत येत होती. म्हणजे दर वाढवणारा कायदा गावात रातोरात पोचला, आणि माफीच्या आदेशाला वीस वर्षं पुरली नाहीत. वहिनींना साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र करून दिलं. मुद्रांकाचे पैसे परत मिळतात का, म्हणून विचारत होत्या. मिळतात, कपात होऊन, त्यासाठी वेगळा अर्ज आणि चिपळूणची आणखी एक फेरी. त्या नको म्हणाल्या.

11.00

पिकअपवाला दादा घाईत. गाडीचा विमा परवा संपला, आज माल घेऊन कराडला चढायचंय. विम्याशिवाय सापडला तर पहिल्यांदा 2 हजार, पुन्हा सापडला तर 4 हजार. संसदेने मोटार वाहन कायद्यात वाढीव दंड 2019 मध्ये घातले, महाराष्ट्राने ते लागू केले डिसेंबर 2021 मध्ये. मधल्या दोन वर्षांची दादा अजून आठवण काढतो. त्रयस्थ पक्षाचा विमा काढून दिला. घाटात दुसऱ्याच्या दारात दुःख गेलं तर निदान भरपाई द्यायला कोणीतरी असावं, हे त्याला दंडाच्या आकड्यापेक्षा लवकर पटतं.

12.00

आजचं सगळ्यात जड काम. सून आणि सासू, दोघी कोळकेवाडीच्या बाजूच्या वाडीतल्या. मुलगा भात कापताना साप चावून गेला. तो जाऊन तीन आठवडे झालेत.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत मृत्यूला 2 लाख मिळतात. पूर्वी हे काम विमा कंपनी आणि तिच्या सल्लागाराकडे होतं. प्रस्ताव त्रुटी काढून परत येत, वर्षं उलटत. एप्रिल 2023 मध्ये राज्याने कंपनीला बाजूला केलं आणि सानुग्रह अनुदान म्हणून रक्कम स्वतः द्यायचं ठरवलं. प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीकडे. सर्पदंश बसतो, वीज पडणं बसतं, झाडावरून पडणं बसतं. खातेदार नसलेला घरातला एक माणूसही बसतो, म्हणजे खातेदाराचा मुलगा चालतो.

शवविच्छेदन झालेलं होतं. पुष्कळदा लोक "कशाला चिरफाड" म्हणून करत नाहीत आणि मग हाती काहीच उरत नाही. मृत्यूचा दाखला होता. सातबारा उघडला. खातेदार म्हणून सासऱ्यांचं नाव, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली.

सासूबाई म्हणाल्या, "जमीन आमचीच हाय. सगळ्या वाडीला म्हाईत हाय."

वाडीला माहीत आहे, तलाठ्याच्या दप्तराला नाही. सासऱ्यांच्या मागे वारस नोंद झाली असती तर मुलगा आज खातेदार म्हणून सरळ बसला असता. आता दोन्ही कामं एकदम करायची. 'ई-हक्क'वर वारस नोंदीचा अर्ज टाकला. त्यात नोटीस आणि हरकतीचे पंधरा दिवस आहेत, म्हणजे 30 दिवसांची मुदत त्याआधीच जाणार. म्हणून अनुदानाचा प्रस्ताव आजच, फेरफाराच्या अर्जाची पावती जोडून. समिती काय ठरवेल ते समिती जाणे. मी प्रस्तावाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला सांगितलं, ते दोनदा सांगितलं.

सून काही बोलली नाही. निघताना तिने विचारलं, त्याच्या नावची बँकेतली थोडी रक्कम आहे, त्यालाही हेच चालेल का? नाही. खात्याला नॉमिनी लावलेला नसेल आणि बँक अडून बसली तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. तो आजही 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली मिळतो, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता त्या वर्षीचा कायदा. इतके कायदे आले, बदलले, रद्द झाले. हा चिपळूणच्या कोर्टात अजून कामावर आहे.

2.00

डबा. सर्व्हर बंद. दोन्ही एकाच वेळी झालं हे नशीब.

3.00

वसाहतीतले निवृत्त साहेब. कोयनेत आयुष्य काढलं, मुलगी न्यू जर्सीत असते. आरोग्य विम्याचं नूतनीकरण करायचंय आणि हप्ता कमी कसा झाला, काही घोटाळा तर नाही ना, ही शंका. घोटाळा नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून शून्यावर आला.

साहेबांना गप्पा मारायला आवडतात, मलाही या वेळी चालतं. त्यांची लेक सांगते, तिकडे विम्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतःचे करतं. 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने तिथल्या संसदेने ते राज्यांवर सोपवलं, कॅलिफोर्नियात तर विमा आयुक्त मतदानाने निवडतात. साहेबांचं म्हणणं, आपल्याकडेही असं हवं, आमदाराला जाब विचारता येईल. आपल्याकडे विमा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत 47 व्या क्रमांकावर आहे. कायदा 1938 चा, नियामक 1999 च्या कायद्याने आलेला, कार्यालय हैदराबादला. विधानसभेत विम्यावर कितीही आवाज चढला तरी कंपनीला शिस्त लावायचा अधिकार तिथे नाही.

मला साहेबांचं पटत नाही. पॉलिसी दिल्लीच्या कायद्याने चालते हे खरं, पण दाव्याला लागणारा सातबारा, फेरफार, मुद्रांक, हे सगळं मुंबईच्या कायद्याचं आणि चिपळूणच्या टेबलावरचं. दुपारी ज्या सासू-सुना आल्या होत्या त्यांचं काम कुठल्याही कंपनीने अडवलेलं नव्हतं. आमदाराला जाब विचारायचाच असेल तर तो मंडळात वारस नोंदी किती दिवस पडून राहतात याचा विचारावा.

जाता जाता त्यांची जुनी पॉलिसी बघितली. नॉमिनी म्हणून त्यांच्या आईचं नाव. आई जाऊन किती वर्षं झाली म्हणून मी विचारलं नाही. अर्ज हातात दिला.

4.30

बाजारातला दुकानदार, दुकानाच्या विम्याबद्दल विचारायला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तेव्हा त्याच्या मेहुण्याचं तिथलं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात होतं. आगीच्या विम्यात वादळ-पुराचं संरक्षण धरलेलं असतं, पण ते वगळून हप्ता कमी करता येतो. मेहुण्याने तसंच केलं होतं, दरवर्षी थोडे पैसे वाचवत. मी एवढंच सांगितलं की पॉलिसीत 'पूर' शब्द सापडल्याशिवाय पैसे भरू नका. आणि दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही.

6.15

शेवटचा तास पावत्यांचा. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्याला मुदत बांधून दिली आहे, कारण नसताना उशीर झाला तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला 500 ते 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. विधिमंडळाने केलेला इतका कामाचा कायदा इतका कमी वापरलेला दुसरा मला माहीत नाही. लोक अपील करत नाहीत, कारण त्यांच्याकडे पावती नसते. पावती नसते, कारण "ताई आहे ना, बघेल".

ताई बघेल, पण तुम्हीही बघा. आज घरातला सातबारा काढून त्यावरची नावं मोठ्याने वाचा. वारलेल्या माणसाचं नाव निघालं तर वारस नोंदीचा अर्ज करा, पॉलिसीवरचा नॉमिनी तपासा, काजूचा विमा भरायचा असेल तर 30 तारखेच्या आत भरा. प्रत्येक अर्जाची पावती मागा. पावती न देणाऱ्या केंद्राची तक्रार करा, माझ्याही.