सहीपूर्वी दप्तर उघडा

बँकेत होतो तेव्हा जमिनीवर कर्ज देण्यापूर्वी तीस वर्षांची कागदपत्रे तपासून घेत असू. शहराचे निर्णय घेताना मात्र एवढी साधी खबरदारी आपण विसरतो.

आमच्या हडपसरमधून जाणारा मुठेचा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकातला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ तो फुटला आणि घरे पाण्यात गेली. आता खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आहे. पाणी वाचेल, हे खरे. पण कालवा कोरडा पडला, तर त्याच्या पाझरावर जगणाऱ्या विहिरींचे काय? त्याच्या काठी कुठले ओढे होते? जुने नकाशे, पाटबंधारे खात्याचे दप्तर आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी यांनाच ते विचारावे लागेल.

बोगद्याचा निर्णय अभियंत्यांनी खुशाल घ्यावा. मात्र दप्तर उघडल्यावाचून सही करू नये!